सरकत्या काचेच्या दाराला पॅनेल ब्लाइंड : घेण्यापूर्वी काय पाहावे?

घराचे बांधकाम आटोपते, रंग होतो, फरशीला पॉलिश होते आणि सर्वात शेवटी आठवण होते ती पडद्यांची. तोपर्यंत हातातील पैसा संपत आलेला असतो आणि घरातील मंडळींचा धीरही. मग बाजारात जे दिसेल, शेजाऱ्याने जे लावले असेल किंवा दुकानदार जे पुढे करील, ते घेऊन माणूस मोकळा होतो. साध्या खिडकीच्या बाबतीत असे झाले तर फारसे बिघडत नाही. पडदा दुसऱ्या खिडकीला लावता येतो. परंतु हॉलमधून बाल्कनीकडे, गच्चीकडे किंवा अंगणाकडे उघडणारे आठ-दहा फुटी सरकते काचेचे दार असले म्हणजे चूक महागात पडते. एवढ्या मोठ्या दाराचे ब्लाइंड त्याच मापाने बनवलेले असते. ते परत घेतले जात नाही आणि दुसरीकडे बसतही नाही.

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत अशा दाराला बिल्डर मंडळी ‘फ्रेंच विंडो’ म्हणतात. कोकणात आखातातील कमाईवर उभ्या राहिलेल्या अनेक घरांतही ओटीच्या जागी आता अशी दारे दिसतात. त्यांच्यासाठी बाजारात पडदे, व्हर्टिकल ब्लाइंड, रोलर ब्लाइंड असे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीच एक म्हणजे पॅनेल ट्रॅक ब्लाइंड. तो दिसायला नेटका, वापरायला सोपा आणि मोठ्या दारासाठीच मुद्दाम काढलेला प्रकार आहे. तथापि तो प्रत्येक घराला सोयीचा नाही. म्हणून ग्राहकांनी काय पाहावे आणि फर्निशिंगच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांनी कोणती काळजी घ्यावी, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

पॅनेल ब्लाइंडची रचना

जपानी घरांत भिंतींच्या जागी सरकते पडदे-फलक असतात. कागद किंवा कापड लावलेला हलका चौकटीचा फलक खाचेतून सरकतो आणि एका खोलीच्या दोन खोल्या होतात. पॅनेल ब्लाइंडची कल्पना त्याच धर्तीची आहे. काही दुकानदार त्याला ‘जॅपनीज पॅनेल’ असेही म्हणतात.

वर ॲल्युमिनियमचा एक रुंद ट्रॅक असतो. त्यात दोन, तीन, चार किंवा पाच समांतर खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक पट्टी सरकते आणि तिला व्हेल्क्रोने कापडाचे सपाट पॅनेल चिकटवलेले असते. पॅनेलच्या तळाशी एक वजनदार पट्टी असते, तिच्यामुळे कापड ताणलेले राहते. सर्वात पुढचे पॅनेल ओढले की ते मागच्या पॅनेलला पकडून आणते, ते त्याच्या मागच्याला, आणि अशा रीतीने सारे दार झाकले जाते. उलट ढकलले की सर्व पॅनेल एकामागे एक जाऊन त्यांची एकच थप्पी होते. कापडाला चुण्या नाहीत, घड्या नाहीत. सबब ती थप्पी जाडीला फार नसते. मात्र रुंदीला एका पॅनेलएवढी जागा ती हमखास अडवते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा बराचसा हिशेब तिच्यावरच अवलंबून आहे.

इतर प्रकारांशी तुलना

साधा पडदा सर्वांच्या ओळखीचा. तो धुता येतो, फाटला तर शिवता येतो, वाऱ्याने उडाला तरी त्याचे काही बिघडत नाही. पण चुण्या नीट पडण्यासाठी दाराच्या रुंदीच्या साधारण दुप्पट कापड लागते आणि उघडल्यावर दोन्ही बाजूंना जाड गठ्ठा होतो.

व्हर्टिकल ब्लाइंड १९९० च्या दशकात आपल्याकडील कचेऱ्यांतून सर्रास दिसू लागले. साधारण चार-पाच इंची उभ्या पट्ट्या कांडीने किंवा साखळीने फिरवता येतात. त्यामुळे उजेड हवा तेवढा आत घेता येतो. ही सोय पॅनेल ब्लाइंडमध्ये नाही. पॅनेल फिरत नाही, ते केवळ सरकते. उजेड किती यावा हे कापडच ठरवते, म्हणून येथे कापडाची निवड अधिक जपून करावी लागते. उलट व्हर्टिकलच्या पट्ट्या खालून बारीक साखळीने जोडलेल्या असतात. ती साखळी तुटते, पट्ट्या गुंततात, लहान मुले त्या ओढून काढतात. पॅनेलमध्ये ही कटकट नाही.

रोलर ब्लाइंड वर गुंडाळले जाते. खिडकीला ते उत्तम. परंतु बाल्कनीत जायचे-यायचे असेल तेव्हा प्रत्येक वेळी ते पूर्ण वर करावे लागते आणि फार रुंद असेल तर मधोमध झोल येण्याचा संभव असतो. सरकत्या दाराला सरकतेच ब्लाइंड सोयीचे पडते, हा पॅनेल ब्लाइंडच्या बाजूचा मोठा मुद्दा होय.

आता त्याची उणी बाजू. समुद्राकडे तोंड असलेल्या किंवा वरच्या मजल्यावरील ज्या घरात दार दिवसभर उघडे असते, तेथे वाऱ्याने ही सपाट पॅनेल शिडासारखी फुगतात आणि तळाची पट्टी काचेवर किंवा भिंतीवर आपटते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडील वारा तर त्यांना स्वस्थ बसू देत नाही. अशा घरात दार उघडे असताना ब्लाइंड बाजूला सारून ठेवायची तयारी असावी. नाहीतर जाड सुती पडदाच बरा. जेथे वातानुकूलन यंत्र चालते व दार बहुधा बंद असते, तेथे पॅनेल ब्लाइंड खरोखर शोभते आणि टिकते.

आधी दाराची दिशा पाहावी

बाजारात जाण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःच्या दाराची दिशा पाहावी. पूर्वेच्या दारातून सकाळी ऊन येते व दहा-अकरापर्यंत ओसरते. उत्तरेकडील दाराला उन्हाचा त्रास सहसा नसतो. तेथे प्रश्न असतो तो फक्त आडोशाचा. दक्षिणेच्या दाराची गंमत निराळी आहे. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्याने मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली दाराला पुरते. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो आणि ऊन थेट सोफ्यापर्यंत येते. थंडीत ते सुखाचे वाटते, पण सोफ्याचा रंग उडवते.

खरा त्रास पश्चिमेच्या दाराचा. दुपारी दोननंतर सूर्य कलतो, बाल्कनीच्या छपराखालून ऊन आडवे आत शिरते आणि एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहापर्यंत खोलीची भट्टी होते. येथेच कापडाची पारख लागते.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो, कारण दुकानात ती सांगितली जाईलच असे नाही. काचेच्या आतल्या बाजूला लावलेले कोणतेही ब्लाइंड उष्णता पूर्णपणे अडवू शकत नाही. ऊन काचेतून आत आल्यावर ब्लाइंडवर पडते. ब्लाइंड गडद असेल तर ते तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडते. ब्लाइंडची काचेकडील बाजू पांढरी किंवा चकाकणारी असेल तर बरेचसे ऊन तसेच काचेतून परत जाते. परंतु काचेच्या बाहेरच अडवलेले ऊन आत येतच नाही. आपल्या वाडवडिलांनी ओसरीला बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा बाहेरून लावला, त्यात हेच शहाणपण होते. तेव्हा पश्चिमेच्या दाराला बाल्कनीत बाहेरून चिक सोडावी आणि आतून पॅनेल ब्लाइंड लावावे. दोन्ही मिळून जे काम होते, ते एकट्या महागड्या ब्लाइंडने होत नाही. सोसायटीच्या नियमात बाहेरची चिक बसत नसेल तर निदान आतल्या कापडाची पाठ पांढरी किंवा चंदेरी निवडावी.

कापडाची निवड

पॅनेलसाठी मिळणारी कापडे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार सनस्क्रीन कापडाचा. पॉलिस्टर किंवा फायबरग्लासच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप देऊन ते जाळीदार विणतात. त्याच्या नमुन्यावर १ टक्का, ३ टक्के, ५ टक्के, १० टक्के असे आकडे लिहिलेले असतात. हा आकडा म्हणजे विणीतील मोकळ्या छिद्रांचे प्रमाण. आकडा जितका लहान, तितके कापड घट्ट. पश्चिमेच्या दाराला १ किंवा ३ टक्के, उत्तरेच्या दाराला ५ किंवा १० टक्के असा सर्वसाधारण ठोकताळा धरावा. रंगाची गोष्ट मात्र वरवर उलटी वाटते. गडद सनस्क्रीनमधून बाहेरचे स्पष्ट दिसते आणि डोळे दिपत नाहीत. फिकट सनस्क्रीन ऊन अधिक परतवते, पण बाहेरचे दृश्य पांढुरके दिसते. काही कापडे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रंगांत मिळतात. बाहेरून फिकट व आतून गडद असे मिळाले तर सोन्याहून पिवळे.

या कापडाविषयी एक इशारा आवश्यक आहे. दिवसा बाहेर उजेड व आत सावली असते, म्हणून आतून बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही. रात्री दिवे लागले की हे गणित उलटे होते. समोरच्या इमारतीतील माणसाला आपल्या घरातील हालचाल दिसू लागते. ग्राहक दुकानात दिवसा नमुना पाहतो, खूष होतो आणि घरी रात्री घरातील स्त्रियांची कुचंबणा होते. ज्या घराला आडोशाची गरज आहे आणि समोर दुसरी इमारत आहे, त्याने केवळ सनस्क्रीनवर विसंबू नये. दुकानातून नमुन्याचा मोठा तुकडा मागून घ्यावा, रात्री दिवा लावून तो काचेवर धरावा आणि घरातील एकाने बाहेरून पाहावे. ही तपासणी फुकट आहे आणि तीच सर्वात खरी आहे.

दुसरा प्रकार उजेड गाळून आत सोडणाऱ्या अपारदर्शक कापडाचा. खोलीत मंद उजेड राहतो, आरपार काही दिसत नाही, रात्री फार तर सावली दिसते. बहुतेक कुटुंबांच्या हॉलला हेच सोयीचे पडते. तिसरा प्रकार ब्लॅकआउटचा, ज्याच्या पाठीला लेप असतो आणि त्यातून उजेड येत नाही. तो झोपण्याच्या खोलीसाठी. परंतु पॅनेलच्या कडेने व जोडातून उजेडाच्या रेषा दिसतातच. पूर्ण अंधाराची हमी कोणी देत असेल तर ती हमी मानू नये.

याशिवाय बांबू, ताग, गवत यांची विणलेली पॅनेलही मिळतात. ती कोरड्या हवेत सुंदर दिसतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात मात्र त्यांवर बुरशी धरते. रत्नागिरी, अलिबाग, वसई अशा ठिकाणी ती घेण्याआधी दोनदा विचार करावा.

मोजमाप : येथेच धंदा बुडतो किंवा तरतो

आपल्याकडे माप फूट-इंचात घेतात, भाव चौरस फुटावर सांगतात आणि कारखाना मिलिमीटर किंवा सेंटीमीटरमध्ये कापतो. या तीन भाषांच्या गोंधळात कित्येक सौदे बिघडतात. माप सुरुवातीपासून सेंटीमीटरमध्येच घ्यावे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर.

रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतील सर्वात कमी उंची धरावी, कारण फरशीला उतार असतो. विशेषतः बाल्कनीच्या उंबऱ्याजवळ हा उतार हमखास सापडतो. जमिनीपासून साधारण दोन सेंटीमीटर अंतर मोकळे सोडावे. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात आणि पावसाळ्यात दाराच्या खालच्या ट्रॅकमधून पाणी आत येते. पॅनेल जमिनीला टेकले तर त्याची कड काही महिन्यांतच काळी पडते.

आता एक उदाहरण घेऊ. दार आठ फूट रुंद व सात फूट उंच आहे, म्हणजे सुमारे २४४ बाय २१३ सेंटीमीटर. ब्लाइंड चौकटीच्या आत न बसवता बाहेर भिंतीवर लावायचे आहे. कडेने ऊन येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटर जादा घेतले, तर ट्रॅक २६४ सेंटीमीटरचा होईल. वर १२ सेंटीमीटर जागा ट्रॅकसाठी धरली व खाली २ सोडले, तर उंची २२३ सेंटीमीटर.

पॅनेल एकमेकांवर थोडी चढलेली असावी लागतात, नाहीतर मधे फट राहते. या चढलेल्या भागाला कारागीर ओव्हरलॅप म्हणतात. तो येथे ५ सेंटीमीटर धरू. चार पॅनेल घेतली तर ओव्हरलॅप तीन ठिकाणी येईल, म्हणजे १५ सेंटीमीटर. २६४ अधिक १५ म्हणजे २७९. त्याला चारने भागले की एका पॅनेलची रुंदी सुमारे ६९.८ सेंटीमीटर येते. पाच पॅनेल घेतली तर २६४ अधिक २०, म्हणजे २८४ भागिले पाच, अर्थात ५६.८ सेंटीमीटर.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चार पॅनेल घेतल्यास उघडे केल्यावर ७० सेंटीमीटर जागा अडेल, पाच घेतल्यास ५७. दुसरी, पाच पॅनेलना पाच खाचांचा ट्रॅक लागेल. तो भिंतीपासून अधिक पुढे येईल आणि किमतीलाही जास्त पडेल. ट्रॅकची खोली उत्पादकागणिक वेगळी असते, ती आधी विचारून घ्यावी. पॅनेल दोन्ही बाजूंना उघडायची असतील तर ती सम संख्येत घ्यावीत. तेव्हा खाचा निम्म्याच लागतात, म्हणजे चार पॅनेलना दोन खाचांचा ट्रॅक पुरतो. मात्र दोन थप्प्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात.

थप्पी कोणत्या बाजूला जावी? दोन शटरच्या सरकत्या दारात एका वेळी अर्धेच दार उघडते. म्हणून ज्या बाजूने घरातील माणसे ये-जा करतात त्याच्या उलट बाजूला थप्पी ठेवावी. वरील उदाहरणात चौकटीची अर्धी रुंदी १२२ सेंटीमीटर आहे. थप्पी ७० सेंटीमीटरची असून त्यातील १० सेंटीमीटर भिंतीवरच राहतात. म्हणजे न उघडणाऱ्या काचेचा अर्धाच भाग झाकला जाईल आणि वाट पूर्ण मोकळी राहील. सर्वच काच मोकळी हवी असेल आणि बाजूला भिंत असेल, तर ट्रॅक त्या भिंतीवर एका पॅनेलभर पुढे न्यावा. मात्र त्या भिंतीवर विजेचे स्विच, पंख्याचा रेग्युलेटर किंवा कपाटाचे दार नाही ना, हे पाहून घ्यावे.

दाराची मूठ व कडी आत किती पुढे येते, हेही मोजावे. मूठ चार सेंटीमीटर पुढे येत असेल आणि सर्वात मागचे पॅनेल काचेपासून तीन सेंटीमीटरवर असेल, तर ते प्रत्येक वेळी मुठीला अडकेल. डास अडवणाऱ्या जाळीचे शटर आतल्या बाजूला असेल तर त्याची मूठही मोजावी. दाराच्या वर वातानुकूलन यंत्र बसवलेले असेल तर त्याची खालची कड आणि ट्रॅक यांत अंतर राहते का, तेही पाहावे.

आणखी एक बाब भावाची. दार ५६ चौरस फुटांचे आहे म्हणून ग्राहक ५६ फुटांचा हिशेब मनात धरतो. प्रत्यक्षात २६४ बाय २२३ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ६३.४ चौरस फूट होतात, म्हणजे १३ टक्के अधिक. दोन दुकानांतील भावांची तुलना करताना दोघांनी कोणते माप धरले आहे, ट्रॅक व बसवण्याची मजुरी त्यात आहे की वेगळी आणि कर धरला आहे की नाही, हे विचारावे. चौरस फुटाचा दर कमी दिसला म्हणजे माल स्वस्त पडतोच असे नाही.

बसवणे

पाच पॅनेलचा ट्रॅक व कापड यांचे वजन आणि रोजची ओढाताण सर्व काही चार-सहा स्क्रूंवर येते. भिंत काँक्रीटच्या लिंटलची असेल तर ड्रिलने भोक पाडून गिट्टी ठोकून पक्के होते. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधी गिट्टी सैल पडते, त्यासाठीचे खास फास्टनर वापरावे. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये नुसता स्क्रू मारून ट्रॅक टांगणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. ज्यांचे सीलिंग अजून व्हायचे आहे, त्यांनी सुताराला सांगून ट्रॅकच्या रेषेत आतून प्लायवूडची पट्टी घालून घ्यावी. त्या वेळी हे काम थोड्या पैशांत होते. नंतर सीलिंग फोडावे लागते.

समुद्रकाठच्या घरात लोखंडी स्क्रू लवकरच गंजतो व भिंतीवर तांबडे ओघळ येतात. तेथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू मागावेत आणि ट्रॅक ॲनोडाइज्ड किंवा पावडर कोटेड असल्याची खात्री करावी. ट्रॅक लेव्हलने तपासल्याशिवाय कारागिराला पैसे देऊ नयेत. तो एका बाजूला उतरता असला तर पॅनेल आपोआप घरंगळतात आणि खालची कड तिरपी दिसते.

दोरी आणि लहान मुले

पॅनेल ब्लाइंड तीन तऱ्हांनी चालवता येते : हातातील कांडीने, दोरीने किंवा मोटारीने. यापैकी दोरीच्या बाबतीत आम्ही जरा ठासून सांगतो. ब्लाइंडच्या लोंबत्या फासासारख्या दोरीत मान अडकून जगभरात अनेक लहान मुले दगावली आहेत. पाळण्यातून रांगायला लागलेल्या मुलाला ती दोरी खेळणे वाटते आणि सारे काही क्षणांत, आवाज न होता घडते. या कारणाने युरोपात २०१४ मध्ये ब्लाइंडच्या सुरक्षेचे मानक अधिक कडक करण्यात आले. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना मोकळी दोरी ठेवण्यास तेथील मानकाने मनाई केली आणि २०२४ मध्ये मापाने बनवलेल्या मालासाठीही नियम कडक झाले.

आपल्या बाजारात दोरीचे ब्लाइंड सर्रास विकले जाते. ज्या घरात लहान मूल आहे, किंवा पाहुण्यांची, नातवंडांची ये-जा आहे, तेथे कांडीचेच पॅनेल ब्लाइंड घ्यावे. सुदैवाने ते सर्वात स्वस्तही असते आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. जुने दोरीचे ब्लाइंड असेल तर दोरी भिंतीवरील हुकाला मुलाच्या हाताबाहेर ताणून अडकवावी आणि जवळ पाळणा, खुर्ची किंवा दिवाण ठेवू नये.

मोटारीची सोय वृद्ध किंवा अपंग माणसाच्या घरी उपयोगी पडते. तिच्यासाठी ट्रॅकच्या टोकाजवळ विजेचा पॉइंट लागतो. तो रंगकामाच्या आधीच काढून घ्यावा.

निगा

पॅनेलला चुण्या नसल्याने धूळ कमी साचते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने पुसले तरी पुरे. सनस्क्रीन कापड यंत्रात धुऊ नये. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने जागेवरच पुसावे. व्हेल्क्रोमुळे पॅनेल सहज उतरते, पण उतरवल्यावर त्याची घडी घालू नये, गुंडाळी करावी. घडीची रेघ लेपाच्या कापडावरून जात नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी पॅनेल सरकवून भिंतीला वारा लागू द्यावा. ट्रॅकच्या खाचेत तेल सोडू नये; तेलाला धूळ चिकटते आणि चाके अडतात. लागलाच तर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे वापरावा.

धंदेवाईकांसाठी चार शब्द

आमच्या वाचकांत पडदे शिवणारे, सोफ्याचे कारागीर, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारे व छोटे फर्निशिंग दुकानदार बरेच आहेत. त्यांना या मालात वाव आहे, कारण येथे मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. ट्रॅक, पट्ट्या व व्हेल्क्रो तयार मिळतात. लागते ते एक सपाट लांब टेबल, काटकोनात कापण्याची शिस्त आणि मापाचा चोखपणा.

साधे सुती कापडही पॅनेलसाठी वापरता येते. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूरच्या मागांवरचे जाडसर कापड आधी धुऊन-आकसवून घ्यावे, कडा दुमडून शिवाव्यात आणि मध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे ते सपाट राहते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, हिमरू ही रेशीम-सुताची नक्षीदार वीण तर अशा सपाट पॅनेलवर फार खुलते, कारण चुण्यांत नक्षी हरवत नाही. मात्र तिला थेट ऊन लागू देऊ नये. उत्तरेच्या दाराला किंवा खोलीतील दुभाजकाला ती लावावी.

कापडाच्या हिशेबात पॅनेलची संख्या महत्त्वाची ठरते. वरचेच उदाहरण घ्या. कापड ५४ इंची म्हणजे १३७ सेंटीमीटर पन्ह्याचे आहे. चार पॅनेल केली तर प्रत्येक ७० सेंटीमीटरचे आणि शिवणीला ४, म्हणजे ७४. एका पन्ह्यात दोन बसत नाहीत; चार उंच्या कापड लागते, म्हणजे प्रत्येकी २.४ मीटर धरून ९.६ मीटर. पाच पॅनेल केली तर प्रत्येकी ५७ अधिक ४, म्हणजे ६१. एका पन्ह्यात दोन बसतात. तीन उंच्यांत, म्हणजे ७.२ मीटरमध्ये काम होते. एक पॅनेल वाढले आणि कापड २.४ मीटरने कमी झाले. कापड महाग असेल तर पाच खाचांच्या ट्रॅकचा जादा खर्च यातून निघू शकतो. हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडावा.

दुसरी गोष्ट, सर्व पॅनेल एकाच थानातून, एकाच दिशेने कापावीत. वेगळ्या लॉटचे कापड आले तर शेजारी शेजारी लटकल्यावर रंगातील फरक लांबूनही दिसतो. लॉटचा क्रमांक ऑर्डरच्या कागदावर लिहून ठेवावा.

तिसरी गोष्ट, माप कोणी घेतले हे लेखी असावे. ज्याने माप घेतले, चुकीची भरपाई त्याची, हा साधा नियम आहे. ग्राहकाने फोनवर सांगितलेल्या मापावर माल कापू नये. माणूस पाठवून माप घ्यावे. ऑर्डरच्या कागदावर रुंदी, उंची, पॅनेलची संख्या, थप्पीची बाजू, कांडीची बाजू, कापडाचा नमुना क्रमांक, बसवण्याची मजुरी व हमीची मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. यात अविश्वास नाही. उलट पुढील वाद टळतो आणि ग्राहक दुसऱ्या ग्राहकाला घेऊन येतो. सुरुवातीला मोठा साठा भरून भांडवल अडकवू नये. नमुन्यांचे पुस्तक ठेवावे आणि ऑर्डरप्रमाणे माल मागवावा.

शेवटी ग्राहकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजारात जाण्याआधी दाराची दिशा व वाऱ्याची स्थिती पाहावी. कापडाचा नमुना रात्री दिवा लावून तपासावा. थप्पीची बाजू आणि मुठीचे अंतर ठरवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. आणि घरात लहान मूल असेल तर दोरीचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. एवढे पाळले तर पॅनेल ब्लाइंड अनेक वर्षे विनातक्रार चालते आणि खर्च केलेला पैसा कारणी लागतो.